इटलीच्या तोस्काना भागातल्या पिएन्झाला अर्धा दिवस पुरेल का? तिथे नेमकं काय पाहायचं?

पुरेल. गाव एवढंसं आहे की एका वेशीतून शिरून दुसरीतून बाहेर पडायला दहा मिनिटं लागत नाहीत. पण नुसतं फिरून आलात, तर चीजची दुकानं तेवढी आठवतील. खरा वेळ चर्चसमोरच्या मुख्य चौकाला द्या.

पोप दुसरा पायस याचा जन्म इथलाच. तेव्हा गावाचं नाव कोर्सिन्यानो होतं. १४५९ मध्ये त्याने वास्तुविशारद बेर्नार्दो रोसेल्लिनोकडे गाव नव्याने बांधण्याचं काम सोपवलं, १४६२ पर्यंत चर्च आणि वाडा उभे राहिले. १४६४ मध्ये पोप वारला आणि पुढचं बांधकाम थंडावलं. जुनं टिकलं ते बरंचसं यामुळेच.

चर्चसमोर, मुख्य रस्त्याच्या बाजूला उभे राहा. चौक आयताकृती नाही. दोन्हीकडच्या इमारती चर्चकडे जाताना एकमेकींपासून लांब सरकतात. त्यामुळे दर्शनी भिंत भव्य वाटते आणि चर्चच्या दोन्ही अंगांना फटी राहतात, त्यांतून खालचं खोरं दिसतं. फरशीवरच्या पांढऱ्या दगडी पट्ट्या पाहा, मापं लक्षात येतात.

आत गेल्यावर वेदीकडे चालत जा: जमीन उतरती लागते, भिंतींना तडे आहेत. वेदी सहसा पूर्वेला असते, इथे ती दक्षिणेला, उताराच्या कडेवर आहे. तिथली जमीन कच्ची, त्यामुळे मागचा भाग खचत आलाय. बांधकाम चालू असतानाच त्याची सुरुवात झाली होती. खर्चही अंदाजाच्या कितीतरी पुढे, पन्नास हजार ड्युकॅटांवर (तेव्हाची सोन्याची नाणी) गेला. तरी पोपने रोसेल्लिनोला शाबासकीच दिली! भिंतींवर चित्रं काढू नयेत, काही बदलू नये, असा फतवाही त्याने १४६२ मध्ये काढला. म्हणून आत मोठ्या खिडक्यांचा उजेड आणि पांढरा रंगच राहिलाय.

शेजारचा पिकोलोमिनी वाडा, म्हणजे पोपच्या घराण्याचा वाडा, मंगळवारी सहसा बंद असतो, आधी तपासा. तिकीट काढाच, मागच्या तीन मजली सज्ज्यांतून बाग आणि पलीकडे माँते आमियाता हा डोंगर दिसतो.

गावात रेल्वे स्टेशन नाही. सिएना किंवा माँतेपुल्च्यानोहून बस मिळते, पण रविवारी त्यांच्या भरवशावर राहू नका. भाड्याची गाडी असेल तर तटाबाहेरच लावा. आत वाहनबंदीचं क्षेत्र आहे, आणि दंडाची नोटीस गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरपोच येते.