शेजाऱ्याच्या गाडीला लागलं, आता खर्च कुणाचा?

प्रश्न : गाडी रिव्हर्स घेताना माझ्या बंपरचा कोपरा शेजारच्यांच्या उभ्या गाडीला घासला. मागच्या दारावर लांब ओरखडा आणि त्यांच्या बंपरवर पांढरा पट्टा, एवढंच दिसत होतं. मी लगेच जाऊन सांगितलं, सॉरी म्हटलं, जो काय खर्च येईल तो मी देतो असंही म्हटलं. तेव्हा काका म्हणाले, "अहो राहू दे, किरकोळ आहे." आता आठवड्याने त्यांनी एस्टिमेट आणून दिलंय, त्यात दार, त्याच्या पुढचं दार, मागचा अख्खा पॅनल, नवीन बंपर आणि वर दुसऱ्या बाजूचा एक डेंटही आहे. मी "देतो" म्हणून बसलोय, आता सगळं द्यावं लागेल का? आणि इन्शुरन्समधून करावं की खिशातून?

उत्तर : आधी हे सांगते की तुम्ही जाऊन सांगितलंत ते बरोबरच केलंत, कारण न सांगता निघून गेला असतात आणि नंतर कुठल्या कॅमेऱ्यात दिसलं असतं तर आज हा प्रश्न पैशांचा उरलाच नसता. उभ्या गाडीला चालत्या गाडीने घासलं तर चूक कुणाची यावर वाद घालायला सहसा फारशी जागा नसते, तेव्हा तो विषय सोडून द्या. पण चूक मान्य करणं म्हणजे समोर येईल तो आकडा मान्य करणं नव्हे, आणि तुम्ही या दोन्हींची गाठ मारून बसलाय म्हणून अडकल्यासारखं वाटतंय. तुमचं देणं काय, तर गाडी घासण्याआधी जशी होती तशी करून देणं. त्याहून कमी नाही, आणि त्याहून चांगलीही नाही.

आता एस्टिमेट घ्या आणि गाडीजवळ जा, काकांना सोबत घेऊन जा, त्यांना न सांगता परस्पर जाऊ नका. ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख कुठेच अडकत नसेल तर बहुतेक वेळा क्लिअर कोटच, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थरच घासलाय, तो ओरखडा रबिंग-पॉलिशने बऱ्यापैकी जातो. नख अडकलं तर ओरखडा बहुधा खाली रंगापर्यंत गेलाय. कंपनीतून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या आसपास, त्यामुळे "जरासं तर घासलंय" यात किती गेलं ते लांबून कळत नाही. तळाला पत्र्याची चमक दिसत असेल तर रंगवणं आलंच, आणि ते लवकर करायला हवं कारण उघड्या पत्र्याला ओल लागली की गंज धरतो आणि मग पुढच्या महिन्यात "हा गंज तुमच्यामुळेच" असा नवा विषय निघतो. बंपरवरचा पांढरा पट्टा हा बऱ्याचदा ओरखडा नसतोच, तुमच्या गाडीचा रंग तिकडे लागलेला असतो, तो कंपाऊंडने, म्हणजे रंग घासून साफ करायच्या पेस्टने निघतो. आधी तो काढून बघा, खाली काय उरतं ते मग बोला.

पुढच्या दाराचा रंग का लावलाय, हे तुम्हाला खटकलं असणार. इथे मात्र मी काकांच्या बाजूने आहे, निदान अर्धी. मेटॅलिक किंवा पर्ल रंग असेल तर फक्त एकच दार रंगवलं की शेजारच्या दारापेक्षा ते वेगळं दिसतं, उन्हात तर हमखास, म्हणून चांगला पेंटर लगतच्या पॅनलवर रंग हळूहळू विरत नेतो, त्याला ब्लेंडिंग म्हणतात. ही लूट नाही, कामाचाच भाग आहे. साधा पांढरा-काळा रंग असेल तर मात्र विचारायला हरकत नाही की याची खरंच गरज आहे का. मागच्या पॅनलचंही तेच विचारा.

नवीन बंपर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, दाबला जातो आणि पुष्कळदा स्वतःच परत जागेवर येतो, वरून धड दिसतो. पण आतल्या क्लिपा आणि ब्रॅकेट तुटलेले असू शकतात, आणि हल्ली मागे पार्किंग सेन्सर असतात, काही गाड्यांत कोपऱ्यात रडारही असतं, ते जरा सरकलं तरी चुकीचे इशारे देतं. म्हणून "वरून ठीक दिसतोय" म्हणून तुम्ही नाही म्हणू नका आणि "बदलावाच लागेल" म्हणून त्यांनीही हट्ट करू नये, गॅरेजला बंपर खोलून दाखवायला सांगा. क्लिप तुटली असेल तर क्लिप बदला. बंपर चिरला असेल आणि जोडता येत नसेल तर बदला, त्याचे पैसे द्या.

दुसऱ्या बाजूचा डेंट तुमचा नाही, तो सरळ खोडून टाकायला सांगा. यात लाजायचं काही नाही. पुष्कळदा हे मालकाने मुद्दाम केलेलंही नसतं, गाडी गॅरेजला गेली की तिथला माणूस फेरी मारून दिसेल ते सगळं लिहून काढतो, आणि मालक कागद न वाचता तुमच्या हातात देतो. मी स्वतः वर्षानुवर्षं असले कागद तपासलेत, त्यामुळे आधीच संशय घेऊन बोलायला जाऊ नका असं सांगेन. पण शंका असेल तर खुणा बोलतात : ताज्या ओरखड्याच्या कडा स्वच्छ असतात, जुन्यात धूळ-पॉलिश साठून काळं झालेलं असतं किंवा गंजाची रेघ असते. आणि टेप लावून जमिनीपासून उंची मोजा, तुमच्या बंपरचा कोपरा ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवर त्यांचा ओरखडा हवा. तिथे आधी पुट्टी भरून रंगवलेलं होतं का, हे पेंटची जाडी मोजणाऱ्या छोट्या मीटरने पत्र्यावर कळतं, प्लास्टिकच्या बंपरवर साधा मीटर चालत नाही.

आता इन्शुरन्स. तुमच्या पॉलिसीतला थर्ड पार्टीचा भाग दुसऱ्याच्या नुकसानासाठीच असतो, पण क्लेम केला की पुढच्या वर्षीच्या हप्त्यावर परिणाम होऊ शकतो, आणि तो किती ते पॉलिसीवर आणि तुमच्या देशातल्या नियमांवर आहे. म्हणून आधी हिशोब मांडा. समजा दुरुस्ती 100 रुपयांची आहे, आणि क्लेममुळे पुढच्या दोन-तीन वर्षांत हप्त्यात मिळून 130 जास्त जाणार असतील, तर क्लेम करणं म्हणजे पदरमोड. उलट सेन्सर, रडार वगैरे निघाले आणि आकडा फुगला तर क्लेमच बरा. एक गोष्ट मात्र बघा, बऱ्याच पॉलिसींत अट असते की कंपनीला विचारल्याशिवाय लेखी जबाबदारी घ्यायची नाही आणि परस्पर कबुली द्यायची नाही, शिवाय घटना ठरावीक मुदतीत कळवायची. तेव्हा सॉरी म्हणा, माणूस म्हणून म्हणायलाच हवं, पण "सगळा खर्च मी देईन" असं लिहून देण्याआधी पॉलिसीचा कागद उघडा. नुसतं कळवणं आणि क्लेम करणं यात फरक आहे का, हेही एजंटला विचारून घ्या.

आणि काकांनी त्यांच्याच इन्शुरन्समधून केलं तर? तेही चालतं, पण मग त्यांना वजावट, म्हणजे डिडक्टिबल, म्हणजे खर्चातला ठरलेला वाटा, सहसा स्वतः भरावी लागते आणि क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट जाऊ शकते. तुमच्या चुकीपायी त्यांना हा भुर्दंड, तर तो तुम्ही भरून देणं न्याय्य आहे. फक्त हे लक्षात ठेवा की त्यांची कंपनी त्यांना दिलेले पैसे तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते, आणि एकाच दुरुस्तीचे पैसे कंपनीकडूनही आणि तुमच्याकडूनही घेणं चालत नाही.

खिशातून द्यायचं ठरलं तर पैसे बिल बघून थेट गॅरेजला द्या. रोख हातात देऊन मोकळं व्हायचा मोह होतो, पण मग गाडी तशीच राहते आणि वर्षभराने परत तोच ओरखडा दाखवला जातो. एक मेसेज पुरे : अमुक तारखेला अमुक गाडीच्या या या भागांना लागलं, दुरुस्ती झाली, एवढे पैसे दिले, आता या घटनेचं देणं-घेणं उरलेलं नाही, आणि खाली त्यांचं "ठीक आहे". हा मेसेज काम पूर्ण झाल्यावर, बंपर उघडून बघितल्यावर मागा, आधी मागितलात तर काकांना तो टाळायचा डाव वाटेल, आणि त्यात त्यांची चूक नाही.

प्रश्न : ताई, माझ्या सात वर्षांच्या मुलाने सायकलने गाडी घासली असं शेजारच्या वहिनी म्हणतात. कुणी बघितलेलं नाही, मुलगा नाही म्हणतो. पैसे द्यायचे का?

उत्तर : वहिनींना खोटं ठरवायच्या आधी आणि मुलाला रागवायच्या आधी सायकल घेऊन गाडीजवळ जा. हँडलच्या टोकाला रबर असेल तर काळा पुसट डाग पडतो, ब्रेकचा लिव्हर लागला तर बारीक खोल चर पडते, आणि पॅडल लागलं तर खूण खाली असते. उंची जुळते का बघा. जुळली तर मुलाला शांतपणे विचारा, त्या वयाची मुलं घाबरून नाही म्हणतात आणि पैशाचा विषय बाजूला काढला की बोलतात. जुळलीच नाही तर वहिनींनाही तिथेच उभं राहून दाखवा, घरात बसून समजावण्यापेक्षा ते बरं.

कायद्याचं म्हणाल तर एवढ्या लहान मुलाकडून मोठ्या माणसाइतक्या काळजीची अपेक्षा धरत नाहीत, आणि आईवडिलांची जबाबदारी आपोआप लागते की देखरेखीत कमी पडले तरच लागते, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. पण शेजार आहे, कोर्ट नाही, खुणा जुळत असतील तर पॉलिशचा खर्च देऊन टाका असं मी म्हणेन. तुमच्या मोटारच्या पॉलिसीत सायकलने केलेलं नुकसान बसत नाही, घराच्या विम्यात वैयक्तिक जबाबदारीचा भाग असेल तर तिथे विचारा.

प्रश्न : माझी बाजू उलटी आहे. शेजाऱ्याने माझ्या गाडीला ठोकलं, मान्यही केलं, पण "माझ्या ओळखीच्या माणसाकडूनच करून घे, तो स्वस्तात करतो" असा त्याचा आग्रह आहे. नाही म्हटलं तर भांडण होईल.

उत्तर : गाडी तुमची, ती कुणाच्या हातात द्यायची ते तुम्ही ठरवणार. खर्च वाजवी ठेवणं ही मात्र तुमचीही जबाबदारी आहे, अगदी महागातलं गॅरेज निवडून त्याला धडा शिकवायचा विचार करू नका. दोन ठिकाणची एस्टिमेट घ्या, त्यातलं एक हवं तर त्याच्या माणसाचं, आणि विचारा की रंग कुठला वापरणार. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली बारीक स्टिकर असतो त्यावर रंगाचा कोड असतो, तो बघून मिसळलेला रंग आणि नजरेने मिसळलेला रंग यात फरक पडतो. वर क्लिअर कोट मारणार का, कामाची हमी किती महिने, बंपर खोलणार की जागेवरच रंगवणार, एवढं त्याने धड सांगितलं तर तोही चालेल, स्वस्त म्हणजे वाईटच असं काही नाही. गोलगोल बोलला तर शेजाऱ्याला सांगा की फरकाचे पैसे मी घालतो पण काम माझ्या गॅरेजात होऊ दे. रंग न फाटता नुसता खड्डा पडलेला असेल तर आतून दाबून डेंट काढणारे कारागीर असतात, रंगकाम लागतच नाही, तो पर्याय दोघांनाही परवडतो.

प्रश्न : वाऱ्याने आमच्या गॅलरीतली कुंडी खालच्यांच्या बॉनेटवर पडली. वारा काय आमच्या हातात आहे?

उत्तर : वारा नाही, कुंडी होती. कठड्यावर मोकळी ठेवलेली कुंडी पडू शकते हे कुणालाही आधी कळतं, त्यामुळे खर्च तुमच्याकडेच येण्याची शक्यता जास्त. नीट बांधलेली, आत ठेवलेली वस्तू एखाद्या अफाट वादळात उडाली असती तर गोष्ट वेगळी, तेव्हा गाडीवाल्याने स्वतःच्या पूर्ण विम्यातून करून घ्यावं. झाडाच्या फांदीचंही असंच, वाळलीये म्हणून कुणी आधी सांगितलं होतं का, हे पहिलं विचारलं जातं. बॉनेटचे फोटो आजच काढून ठेवा, दोघांनीही, आणि उरलेल्या कुंड्या खाली घ्या.