घरून काम सुरू करतीयेस ना, मग हे ऐक

अगं, पहिलं म्हणजे घरातल्यांना नीट बसून सांग की मी घरी असले तरी कामावर आहे, नाहीतर दुपारी २ वाजता क्लायंटचा फोन चालू आणि इकडं आई म्हणणार नळाला पाणी आलंय, घागरी भर. आपल्या सोलापुरात पाणी रोज कुठं येतं, त्यामुळं तो दिवस मी आधीच मोकळा धरते, त्यात डेडलाईन घेतच नाही. आणि एप्रिल-मेमध्ये पहाटे ५ ला बसायचं, ११ नंतर पत्र्याच्या खोलीत डोकं चालत नाही गं, लॅपटॉपसुद्धा हात लावू देत नाही इतका तापतो.

पैशाचं मात्र मनावर घे. मी चादर-टॉवेलवाल्यांची लेबलं, कॅटलॉग डिझाईन करते, पहिल्या वर्षी एकाचं अख्खं काम तोंडी बोलण्यावर करून दिलं, त्यानं ७ महिने फिरवलं, दिवाळी तशीच गेली, लई रडले तेव्हा. आता निम्मे ॲडव्हान्स आल्याशिवाय फाईल उघडत नाही. तू उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करूनच टाक, सरकारी पोर्टलवर फुकट होते, कुणाला पैसे देऊ नकोस. २००६ च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या कायद्यानं आपल्यासारख्या छोट्यांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर वर व्याज, हे बिलाखाली लिहीतच जा.

जेवण टाळू नकोस. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा टेबलावरच ठेव, मी तसंच करते.