टोकन दिलंय, आता बायकोला समजवा

पन्नाशीतल्या पुरुषाला स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटली की घरच्यांचं निदान तयार असतं: मिडलाइफ क्रायसिस, म्हणजे मध्यमवयात येणारं मानसिक संकट. ‘मॅडम, यांना झालंय तरी काय?’ हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे नेहमी येतो. कधी गाडीऐवजी लडाखची बाइक ट्रिप असते, कधी कोकणात घ्यायची वाडी. एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने 1965 साली ही कल्पना रूढ केली. पुढच्या पाहण्यांमध्ये मात्र बहुतेकांवर असं काही संकट कोसळत नाही, असंच दिसलं. त्यामुळे कुणाच्या हौसेला आजार म्हणायची मला घाई नसते.

कोथरूडचं एक जोडपं सांगते (ओळख पटू नये इतके तपशील बदललेत). भोसरीत वर्कशॉप, मुलगी बंगळुरूला नोकरीला, घराचं कर्ज फिटलेलं, सासूबाई सोबत. साहेबांना 2014 ची पोर्शे केमन ही स्पोर्ट्स कार मिळत होती, 50 लाखांच्या आतबाहेर. इंजिन सीटांच्या मागे, डिकी पुढेही आणि मागेही, पण मागची सीट नाहीच. टोकन देऊन आले आणि मग घरी सांगितलं. माझ्याकडे आले ते बायकोला पटवून द्यावं म्हणून!

पैशाचं आधी कागदावर घेतलं. माणूस हिशेबाला पक्का निघाला. इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणजे सगळी रक्कम रोख. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत कंपनीशी बोलून ठरवावी लागते. 2029 मध्ये पंधरा वर्षं भरली की फिटनेस तपासणी, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर. टायरचा फोटोही त्यांनी दाखवला: कडेला 3817, म्हणजे 2017 सालचा अडतिसावा आठवडा. गाडी कमी फिरली म्हणून नक्षी शाबूत, पण रबर कडक झालेलं, चारही बदलायचे. हे सगळं त्यांना पाठ होतं. घरात मात्र यातलं अक्षरही कुणाला माहीत नव्हतं.

‘अगं, आपल्या दोघांसाठीच तर घेतोय. आता राहिलोय कोण?’ ते म्हणाले.

बाई तोवर गप्प होत्या. ‘दोघांसाठी? अहो, माझे गुडघे माहितीयत ना तुम्हाला? ती गाडी किती खाली असते ते बघून मी घरी चौरंगावर बसून पाहिलं. उठताना कपाटाला धरावं लागलं. मला आत शिरता येईल का, एवढं तरी विचारायचंत.’

ते चमकले. टायरचा आठवडा तपासणाऱ्या माणसाने शेजारच्या सीटवर कोण बसणार, हे तपासलंच नव्हतं. खरं सांगायचं तर ‘दोघांसाठी’ हे घरच्यांच्या परवानगीसाठी जोडलेलं शेपूट होतं. गाडी त्यांना एकट्याला हवी होती, पहाटे ताम्हिणी घाटात जायला. तसं सरळ म्हणायची त्यांना लाज वाटत होती. आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितलंच नाही, अशी त्या पिढीतली बरीच माणसं मी पाहते.

पुढच्या भेटीत ते तसं म्हणाले. आणि बाईंचा विरोध निम्मा तिथेच विरला. ‘घ्या की तुमच्यासाठी. माझ्या नावावर खपवू नका.’ अटी मात्र घातल्या: सासूबाईंच्या दुखण्यासाठी ठेवलेल्या एफडीला हात लावायचा नाही, वर्कशॉपचं खेळतं भांडवल वेगळं, आणि टायरपासून 2029 पर्यंतचा खर्च धरून एकच कमाल आकडा. तो आकडा त्यांनी माझ्यासमोर ठरवला. अर्धा तास घासाघीस चालली, दोघंही हसत होते.

त्या आकड्यात ती केमन बसली नाही. विकणारा खाली यायला तयार नव्हता. टोकनातले निम्मे पैसे परत मिळाले. त्यांचा शोध अजून चालू आहे, आणि आता गाडी पाहायला दोघं जातात.