वाचकांचे प्रश्न : खिलार गाईपासून माळढोकापर्यंत

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावीला आहे. शाळेच्या सहलीत नान्नजचे माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य पाहिल्यापासून तिच्या मनाने घेतले आहे, की पशुवैद्यक व्हायचे आणि नामशेष होत चाललेल्या प्राण्यांची बंदिस्त जागेत पैदास करण्याचे काम करायचे. नातेवाईक म्हणतात, शेवटी ढोरांचा डॉक्टर होऊन गोठेच बघत बसावे लागेल. असे काम खरोखर असते का, आणि त्याची वाट कोणती?
— एक पालक, मार्डी (ता. उत्तर सोलापूर)

उत्तर : असे काम असते. मी स्वतः आयुष्यातली तीस वर्षे त्यात घालवली आहेत. गोठे बघावे लागतील हेही खरे आहे. मात्र नातेवाइकांना जी अडचण वाटते, ती या वाटेवरची पहिली शिदोरी आहे.

माझी पहिली नेमणूक मंगळवेढ्याकडच्या एका दवाखान्यात झाली. उलटलेल्या, म्हणजे भरवूनही गाभ न राहिलेल्या गाई, माजावर न येणाऱ्या कालवडी आणि अडलेल्या म्हशी हेच रोजचे काम असे. कोपरापर्यंत हातमोजा चढवून गाईची आतून तपासणी करताना बीजांडकोषावरचा पाणी भरल्यासारखा फुगीर भाग बोटाला लागला, म्हणजे ती गाय माजाच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे कळते. हे वाचून समजत नाही. शे-दोनशे गाई तपासल्यावर बोटच शिकते. खिलार वळूची रेतमात्रा उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नत्रातून काढायची, कोमट पाण्यात विरघळवायची आणि वेळ न दवडता गाय भरवायची, हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. गोठवलेले बीज जिवंत राहते आणि त्यापासून वासरू जन्मते यावरचा माझा विश्वास तिथेच पक्का झाला. पुढे वन्यप्राण्यांच्या प्रयोगशाळेत वारंवार अपयश येत असताना मी त्याच विश्वासावर टिकलो.

वन्यप्राण्यांकडे वळल्यावर मात्र गाईचे ज्ञान अर्ध्या वाटेतच थांबते. चितळाच्या किंवा काळविटाच्या मादीला रोज पकडून तपासता येत नाही. पकडण्याच्या धास्तीनेच तिचे स्नायू आतून निकामी होतात आणि वरवर बरी दिसणारी मादी दोन-तीन दिवसांनी दगावते. माझ्या उमेदीच्या काळात अशी एक काळविटाची मादी माझ्या हातून गेली. भूल नेमकी दिली होती, काम पाऊण तासात आटोपले होते, ती उठून उभीही राहिली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपणाशी मरून पडलेली दिसली. त्या दिवसापासून हात लावण्याआधी शंभर वेळा विचार करण्याची सवय लागली, आणि ती सवय मी या पेशातली सर्वांत मोलाची गोष्ट मानतो.

मग माज कळणार कसा? तर लेंड्यांवरून. पहाटे पिंजऱ्यात शिरून नेमक्या त्याच मादीच्या ताज्या लेंड्या वेचायच्या, पुडीवर तारीख-वेळ घालून गोठवायच्या, वाळवून अल्कोहोलमध्ये भिजवायच्या आणि त्यात उतरलेल्या संप्रेरकांचे अवशेष मोजायचे. दिवसामागून दिवस असे आकडे मांडले, की त्या मादीच्या माजाचा चढउतार कागदावर उमटतो. एकेका जातीचे हे चक्र बसवण्यात दोन-तीन वर्षे सहज जातात. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांसाठी जी प्रयोगशाळा उभारली, तिथे अशाच चिकाटीतून कृत्रिम रेतनाने २००६ मध्ये चितळाचे आणि २००७ मध्ये काळविटाचे पाडस जन्माला आले. पुढे याच संस्थेने हैदराबादच्या नेहरू प्राणिउद्यानाबरोबर पिसोरी हरणाची पैदास हाती घेतली. सशाहून थोडेसे मोठे हे हरीण; त्याची संख्या वाढल्यावर काही पिसोरी तेलंगणातल्या अमराबादच्या जंगलात परत सोडल्या गेल्या. पाडस जन्मले म्हणून यश आले असे मी मानत नाही. ते आपल्या जंगलात चरू लागले, तेव्हाच काम पुरे झाले.

वाट सांगायची तर ती ठरलेली आहे. बारावीला जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ द्यायची. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. उदगीर आणि शिरवळ ही दोन्ही ठिकाणे सोलापूरकरांना फार लांब नाहीत. पदवी साडेपाच वर्षांची असून त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. त्यानंतर पशुप्रजनन व प्रसूतिशास्त्र किंवा वन्यजीव आरोग्य यांत पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. नागपूरजवळ गोरेवाड्याला विद्यापीठाचेच वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था व बरेलीजवळ इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ही या क्षेत्रातली मोठी ठिकाणे आहेत. जागा थोड्या असतात आणि सुरुवातीला बरीच वर्षे प्रकल्पापुरत्या, मुदतीच्या नोकऱ्यांवर काढावी लागतात, हे मी लपवणार नाही.

तिने आणखी एक गोष्ट लवकर समजून घ्यावी. पैदास म्हणजे नुसती संख्या वाढवणे नव्हे. आपल्याकडच्या काही प्राणिसंग्रहालयांत एके काळी गीरच्या सिंहांचा आफ्रिकी सिंहांशी संकर होऊ दिला गेला. पिल्ले झाली, धडधाकट वाढली, पण ती ना गीरची राहिली ना आफ्रिकेची, आणि शेवटी त्यांची पैदासच थांबवावी लागली. म्हणून प्रत्येक जातीची वंशावळ-वही ठेवतात. कोणता नर कोणत्या मादीला दाखवायचा ते त्या वहीवरून ठरते. माझ्या मते ही वही नीट भरणारा माणूस शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या तोडीचाच आहे.

गोठ्याला हिणवणाऱ्या नातेवाइकांना गिधाडांची हकिकत जरूर सांगा. गाई-बैलांच्या दुखण्यावर आम्ही पशुवैद्यक डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सर्रास टोचत होतो. औषध दिलेले जनावर मेले, की ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्व्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. कारण उमगायला २००४ साल उजाडले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. हरियाणात पिंजोरला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने तिथल्या वनखात्याबरोबर पैदास केंद्र चालवले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पहिले अंडे काढून यंत्रात उबवले तर काही आठवड्यांनी ती दुसरे घालते, या युक्तीने तिथे पिल्ले वाढवली गेली. २०२४ च्या जानेवारीत त्यांतली काही गिधाडे आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. गोठ्यात टोचलेल्या सुईने आभाळ रिकामे केले होते. ते भरण्याचे काम गोठा जाणणाऱ्यानेच करायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : राजस्थानात माळढोकाची पिल्ले केंद्रात जन्मतात. माळढोक तर आमचा. मग असे केंद्र नान्नजला का होत नाही?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : आपली तळमळ मला कळते, कारण मीही ती बाळगून आहे. पण केंद्र उभे करायला आधी अंडी लागतात, आणि ती रानातल्या माद्यांचीच लागतात. २०१९ मध्ये केंद्र सरकार, राजस्थानचे वनखाते आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी जैसलमेर जिल्ह्यात सम येथे काम सुरू केले, तेव्हा तिथल्या वाळवंटी माळावर अंडी घालणाऱ्या माद्या होत्या. आपल्याकडे एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. सगळ्या देशाचा हिशेब २०१८ मध्ये दीडशेच्या आसपास होता, त्यातले बहुतेक राजस्थानातच.

अंडे आणले म्हणजे झाले असेही नाही. ते रोज तराजूवर घालून वजन नोंदवतात. सुमारे चार आठवड्यांच्या उबवणीत त्याचे वजन ठरावीक गतीने, साधारण सातवा हिस्सा घटले पाहिजे. कमी घटले तर आतले पिल्लू पाण्यात गुदमरते, जास्त घटले तर सुकते. त्यानुसार यंत्रातला दमटपणा कमी-अधिक करावा लागतो. माणसाच्या हातून भरवलेले पिल्लू माणसालाच आपला मानू लागते. याच सवयीचा उपयोग करून राजस्थानातल्याच रामदेवरा येथील दुसऱ्या पैदास केंद्रातल्या एका नराला कृत्रिम मादीजवळ वीर्य द्यायला शिकवले गेले, ते वीर्य दोनशे किलोमीटरवर सम येथे नेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने माळढोकाचे पहिले पिल्लू जन्मले. ती बातमी मी त्या दिवशी तीनदा वाचली.

ही पिल्ले मोठी होऊन आपल्या माळावर यावीत असे वाटत असेल, तर आपली जबाबदारी माळाची आहे. १९७९ मध्ये आपले माळढोक अभयारण्य साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे जाहीर झाले होते. त्यात गावे, शेती, अगदी शहरेही येत होती. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तेवढ्यातही सलग गवताळ माळ तुकड्या-तुकड्यांनीच उरला आहे. पाणी आले तिथे ऊस आला. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते, आणि हा पक्षी उडताना खाली बघतो, समोरचे त्याला नीट दिसत नाही. विजेच्या तारा दिसल्या तरी एवढ्या जड अंगाला ऐन वेळी वळणे जमत नाही. मादी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, पावसाळ्याच्या तोंडाला, म्हणजे नेमके आपण शेळ्या-मेंढ्या नव्या गवतावर सोडतो तेव्हा. मोकाट कुत्र्यांनाही ते अंडे सहज सापडते.

आपल्या शाळेतली मुले यंदा नान्नजला जातील तेव्हा त्यांना काळवीट आणि खोकड नक्की दाखवा, आणि पवन्या व कुसळीचे गवत त्यांच्या हातात देऊन ओळखायला शिकवा. जून ते सप्टेंबर त्या गवतावर चराई आणि कुत्री येणार नाहीत एवढे आसपासच्या गावांनी राखले, तर आणलेल्या पिल्लाला उतरायला जागा असेल.