‘एक्स्पिडाइट’ म्हणजे नुसते ‘लवकर करा’ नव्हे

प्रश्न असा आहे: कार्यालयीन पत्रांत आणि ईमेलमध्ये ‘एक्स्पिडाइट’ हे क्रियापद वरचेवर दिसते. त्याचा नेमका अर्थ काय, ‘ॲक्सिलरेट’च्या जागी ते चालेल का आणि मराठीत त्याला काय म्हणावे?

‘लवकर करणे’ हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जी गोष्ट एक्स्पिडाइट करायची ती कुठल्यातरी प्रक्रियेत असावी लागते: अर्ज, परवानगी, मालाची पोच, बिलाची रक्कम, चौकशी. अशी गोष्ट टप्प्याटप्प्याने सरकते आणि मध्येच रेंगाळू शकते. ते रेंगाळणे टाळून, आडकाठी दूर करून ती नेहमीपेक्षा लवकर तडीस नेणे म्हणजे एक्स्पिडाइट करणे.

शब्दाच्या मुळातही हेच आहे. लॅटिनमध्ये ‘पेस’ म्हणजे पाय; संस्कृतातला ‘पद्’ त्याच कुळातला. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. अडकलेला पाय सोडवून मोकळा करणे, हा मूळ अर्थ. उलट ‘इम्पीड’ (अडथळा आणणे) म्हणजे मुळात पाय अडकवणे. मराठीत घोड्याचे पाय बांधायच्या दोरीला पायबंद म्हणतात आणि त्यावरून ‘पायबंद घालणे’ रूढ झाले. ‘इम्पीड’ला इतका जवळचा वाक्प्रचार दुसरा नाही. मात्र ‘अर्जाचा पायबंद काढा’ असे कोणी म्हणत नाही, कारण मराठीत पायबंद बहुधा वाईट गोष्टींनाच घालतात. मूळ कळायला हे साम्य उपयोगी, भाषांतराला नाही.

‘ॲक्सिलरेट’चा संबंध थेट वेगाशी आहे. ते सकर्मक आणि अकर्मक दोन्ही चालते: चालक गाडी ॲक्सिलरेट करतो, तशी गाडीही ॲक्सिलरेट होते. ‘गाडी एक्स्पिडाइट झाली’ म्हणता येत नाही. शिवाय नकोशा गोष्टीही ॲक्सिलरेट होतात, जसे गंज किंवा झीज. एक्स्पिडाइट मात्र हवे असलेले कामच करतात. अनिष्ट गोष्ट एकाएकी ओढवायला कारण होणे, यासाठी इंग्रजीत ‘प्रिसिपिटेट’ आहे.

चुका होतात त्या बहुतेक व्याकरणात. हे क्रियापद सकर्मक आहे, त्यामुळे नुसते ‘प्लीज एक्स्पिडाइट’ अर्धवट राहते. काय एक्स्पिडाइट करायचे ते लिहावे. ‘एक्स्पिडाइट ऑन द मॅटर’ चूक, ‘एक्स्पिडाइट द मॅटर’ बरोबर. मध्ये ‘ऑन’ लागत नाही. ‘एक्स्पिडाइट फास्ट’ ही द्विरुक्ती झाली. कर्माच्या जागी माणूस ठेवू नये: कारकुनाला एक्स्पिडाइट करत नाहीत, त्याच्याकडचे काम एक्स्पिडाइट करतात. उच्चारात जोर पहिल्या ‘एक्स’वर असतो आणि शेवट ‘लाइट’सारखा, ‘डाइट’ असा, ‘एक्सपेडिट’ नाही.

अर्थ सर्वांत काटेकोर सापडतो तो विमानवाहतूक नियंत्रणात. नियंत्रक ‘एक्स्पिडाइट क्लाइम्ब’ म्हणतो, तेव्हा अडचणीची स्थिती निर्माण होऊ नये म्हणून सूचनेचे पालन तत्परतेने हवे असते. वैमानिकाने साधारणपणे चढण्याचा सर्वोत्तम दर वापरावा, विमान हाताळण्यात काही असाधारण बदल करू नये, अशी अपेक्षा असते. संकट समोर उभे ठाकले असेल तर शब्द बदलतो, ‘इमीजिएटली’ येतो. म्हणजे इथेही एक्स्पिडाइटमध्ये विलंब नको असतो, पण आततायीपणाही नको असतो.

मराठीत एकच प्रतिशब्द शोधत बसू नये, कर्म पाहून क्रियापद निवडावे. अडकलेला अर्ज किंवा फाइल ‘मार्गी लावावी’. निर्णय ज्याला लिहिले त्याच माणसाच्या हातात असेल, तरच ‘लवकर निकाली काढावी’ म्हणावे. प्रक्रियेला ‘गती द्यावी’. काम ‘तातडीने हातावेगळे करावे’. खरेदी विभागात एक्स्पिडाइट करणे म्हणजे पुरवठादाराकडे विचारणा करत राहून माल ठरल्या वेळी येईल हे पाहणे. त्याला ‘पाठपुरावा’ हा शब्द चपखल आहे. ‘तगादा लावणे’ नको, त्यात टोचणी आहे. ‘चालना देणे’ही टाळावे, कारण त्यात सुरुवात करून देण्याचा अर्थ आहे आणि इथे काम आधीच सुरू झालेले असते. ‘घाई करणे’ तर उलटच पडते; घाईत कामाचा दर्जा बिघडतो असे वाचणाऱ्याला वाटते.

पत्र लिहिताना आणखी एक गोष्ट पाळावी. एक्स्पिडाइट या शब्दात मुदत नसते, त्यामुळे तो वाचून समोरच्याला कधीपर्यंत ते कळत नाही. ‘कृपया कार्यवाही त्वरेने करावी’ यापेक्षा ‘कृपया सोबतच्या अर्जाची कागदपत्र पडताळणी शुक्रवारपर्यंत पूर्ण करावी’ हे वाक्य जास्त काम करते, कारण कुठला टप्पा अडला आहे तेही त्यात आले.

विशेषण हवे असेल तर ‘एक्स्पिडिशस’ वापरावे, ‘एक्स्पीडियंट’ नव्हे. मूळ एकच असले तरी ‘एक्स्पीडियंट’ म्हणजे त्या वेळेपुरते सोयीचे, आणि त्याला पुष्कळदा तत्त्व बाजूला ठेवल्याची छटा असते. वरिष्ठांच्या तत्पर निर्णयाचे आभार मानताना हा शब्द पडला, तर कौतुकाचा आरोप होतो.