आई-वडील सत्तरीत असताना परदेशी जाण्याविषयी

आई-वडील सत्तरीत आहेत, मुलगी चार वर्षांची आहे, अशा वेळी परदेशी गेल्यास कुटुंबाचे काय होते, असे आपण विचारले आहे. व्हिसा, विमा आणि कर यांची माहिती अधिकृत संकेतस्थळांवर मिळेल, म्हणून ती येथे देत नाही. एकटेपणाची फार धास्ती घेऊ नका. तो येतो आणि कामाच्या रगाड्यात ओसरतो.

म्हातारपण मात्र फोनवर ऐकू येत नाही. स्मृतीचा ऱ्हास होताना नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या अधिक काळ टिकतात, हे रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच मांडले होते. परदेशातून माझ्या आईशी फोनवर होणाऱ्या आठवड्याच्या बोलण्यात नेमक्या जुन्याच गोष्टी निघत, आणि त्या ती पूर्वीसारख्याच रंगवून सांगे. सकाळचे औषध घेतले की नाही, हे तिला आठवत नाही, ही गोष्ट त्या बोलण्यात दिसण्याचे कारणच नव्हते. म्हणून आजचे विचारा, आणि त्यांना रोज पाहणाऱ्या माणसाशी वेगळे बोला. कानही तपासून घ्या, कारण नीट ऐकू न आल्यामुळे दिलेला नुसता होकार पुष्कळदा विस्मरण समजला जातो.

कागदपत्रांचा मला आलेला वैताग अजून गेलेला नाही. नाते सिद्ध करताना आईचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले निघाले, आणि ते तसे का, हे सांगू शकणारी एकमेव व्यक्ती तीच होती. पण कार्यालयाला तिच्या आठवणीत नव्हे, शिक्क्यात रस होता. मुखत्यारपत्र मात्र लांबणीवर टाकू नका, कारण सही करणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे समजत असेल, तोपर्यंतच ते करता येते.

माझ्या मुलाच्या इथल्या शाळेने आम्हाला घरीही शाळेचीच भाषा बोलण्याचा सल्ला दिला होता. दोन भाषांमुळे मूल गोंधळते, हा समज संशोधनाने केव्हाच खोडला आहे, तरी तो सल्ला इतक्या अधिकारवाणीने दिला गेला, की आजही आठवला तर संताप येतो. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. आई आता केवळ आपल्या पहिल्या भाषेत बोलते आणि नातू तिला हसून मान डोलावतो. आपल्या मुलीच्या आजवरच्या आठवणींपैकीही मोठेपणी फारच थोड्या उरतील. आजी-आजोबांच्या गोष्टी तिला पुनःपुन्हा ऐकवाव्या लागतील. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ड्यूक आणि फिवुश यांनी वीस प्रश्नांच्या आधारे असे पाहिले, की घरचा इतिहास अधिक ठाऊक असलेल्या मुलांचा आत्मसन्मान अधिक असतो. तपशील पाठ करून घेतल्याने मात्र हे साधत नाही, असेही त्यांनी बजावले आहे. महत्त्व आहे ते घरातल्या माणसांनी बसून सांगण्याला.

आणखी एक, जे मी सहसा बोलत नाही. फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखे वाटते. मी घरी जाते तेव्हा आई सावरून, नीटनेटकी बोलते आणि मी गेल्यावर कोसळते, ते भावाला निस्तरावे लागते. पैसे पाठवणे म्हणजे सांभाळणे नव्हे, असे तो एकदा म्हणाला. निघण्यापूर्वी भावंडांशी कोणी काय करायचे हे स्पष्ट बोलून घ्या. आमच्याकडे ते बोलणे अजून झालेले नाही. तो विषय काढत नाही आणि मीही काढत नाही.