वाडीतले पाहुणे आणि जाळीतले क्वेल

या महिन्याची पत्रं चाळली तर सगळे वाचक एकाच पंथाचे निघाले, राहायला मुंबईत आणि जीव समुद्राकाठच्या घरात. म्हणून कुंड्या, कीड वगैरे सगळं पुढच्या अंकात, यावेळी फक्त पक्षी.

प्रश्न : मी नुकतीच रिटायर झाले. मुलुंडचा फ्लॅट मुलाला देऊन आम्ही दोघं अलिबागजवळ सासऱ्यांच्या वाडीत कायमचं राहायला जातोय. यांना अंड्यांसाठी वीसेक क्वेल पाळायचेत आणि मला रानपक्ष्यांसाठी फीडर टांगायचाय. दोन्ही जमेल का? क्वेलला लायसन लागतं म्हणतात ते खरं का?

ताई, क्वेल जरूर पाळा. फीडरचं शेवटी बोलू.

आधी लायसन. हॅचरीत मिळतात ते जपानी क्वेल, 1974 साली अमेरिकेतून आपल्याकडे आणलेली पोल्ट्रीची जात. मध्यंतरी 2011 नंतर सरकारने नवीन फार्म अडवले होते, तेव्हापासून ही भीती लोकांच्या डोक्यात बसलीये, ती बंधनं पुढे उठली. पण रस्त्याच्या कडेला कोणी पिशवीत जिवंत लावे, म्हणजे रानातले क्वेल, घेऊन उभं असतं ना, ते रानातून फासे लावून धरलेले असतात, तो 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ गुन्हा आहे, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. त्यामुळे पिल्लं हॅचरीतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा.

आता खुराडं. कोंबड्यांची ती षटकोनी जाळी घेऊ नका, तिच्यातून उंदीर आरामात जातो आणि धामण पण. अर्ध्या इंचाची वेल्डेड मेश घ्या आणि गॅल्व्हनाइज्डच घ्या, खाऱ्या हवेत साधी तार बघता बघता गंजते. खालून घूस पोखरत येते म्हणून तळ सिमेंटचा करा नाहीतर जाळी जमिनीत हातभर पुरा. छत मात्र बुटकं हवं, आणि हे कोणी आधी सांगत नाही. दचकलेला क्वेल बाजूला पळत नाही, जागच्या जागी सरळ वर उसळतो, वर चार फूट मोकळे मिळाले की चांगला वेग घेऊन डोकं आपटतो आणि मरतो. एक-दीड फुटावर छत ठेवा, किंवा उंच केलंत तर आतून शेडनेट ताणून घ्या.

पिल्लं जेमतेम सात-आठ ग्रॅमची असतात. पाण्याची ताटली कितीही उथळ असू दे, पहिल्या आठवड्यात तिच्यात पिल्लू बुडून मरतंच, म्हणून ताटलीत गोट्या किंवा धुतलेले खडे पसरायचे, पिल्लू दोन खड्यांच्या मधल्या फटीत चोच घालून पाणी पितं. ऊब 35 ते 37 डिग्री लागते. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात, बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोची उघड्या टाकल्या असतील तर बल्ब वर घ्या. आणि वीज गेली तर काय, याचा विचार पिल्लं आणायच्या आधी करा.

सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू होतात. मात्र माद्यांना रोज 14 ते 16 तास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस असतो साधारण 11 तासांचा, त्यामुळे थंडीत अंडी घटली की खाद्यवाल्याशी भांडू नका, संध्याकाळी बल्ब लावा. दोन-तीन माद्यांना एक नर पुरतो, जास्त ठेवलेत तर ते एकमेकांची डोकी टोचून रक्तबंबाळ करतात, शिवाय पहाटे ओरडतात ते वेगळंच. नुसती खायची अंडी हवी असतील तर नर नसला तरी चालतं. आणि हो, या माद्या अंड्यांवर बसत नाहीत, माणसाळताना ती सवय गेलीये, पिल्लं काढायची तर इन्क्युबेटर लागेल, 17-18 दिवस. खाद्याला पावसाळ्यात बुरशी फार पटकन लागते आणि बुरशीचं खाद्य क्वेलला विषच, म्हणून स्वस्त पडतं म्हणून मोठं पोतं घेऊ नका, थोडं थोडं आणून झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. खाली भाताचं तूस पसरा आणि ते कोरडं ठेवा. विष्ठा नारळाला थेट घालू नका, आधी कुजू द्या.

आता फीडर. माझं मत विचाराल तर नको. दाणे टांगले की पारवे येतात, खाली सांडलेल्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो आणि हे सगळे मिळून तुमच्या खुराड्याचा पत्ता शोधतात. कबुतरांना दाणे घालण्यावरून 2025 मध्ये दादरला काय रामायण झालं ते आठवत असेलच. दुसरं म्हणजे रोग. मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आणि बर्ड फ्लू रानपक्ष्यांकडून पोल्ट्रीत येऊ शकतात आणि उलटंही होतं, 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. म्हणून खुराड्यावर पक्कं छप्पर घाला, वरून कावळ्या-बगळ्याची शिट आत पडायला नको, खाद्य उघडं ठेवू नका, आत जायच्या चपला वेगळ्या ठेवा आणि क्वेलच्या पाण्यावर चिमण्या बसू देऊ नका. आवारात कावळे अचानक मरून पडलेले दिसले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा.

मग पक्षी कसे येणार? अहो, वाडीत ते आहेतच. घराच्या दुसऱ्या टोकाला सावलीत एक उथळ परळ ठेवा, रोज घासून ताजं पाणी भरा, दयाळ, बुलबुल, शिंपी आंघोळीला येतील आणि नशीब असेल तर हळद्याही. बांधावर पांगारा लावा, फुलला की शिंजीर आणि साळुंक्यांची नुसती झुंबड उडते. उंबर असेल तर त्याला कोयता लावू देऊ नका. आणि वाडी रोज झाडून चकाचक करायचा सोस सोडा, भारद्वाजाला पालापाचोळा लागतो, तो त्यातूनच गोगलगाई आणि किडे उचलतो. खुराड्यातली अंडी मात्र त्याच्यापासून सांभाळा, संधी मिळाली तर तो सोडत नाही.

प्रश्न : आम्ही शनिवार-रविवार रो-रोने मांडव्याला उतरून रेवदंड्याच्या घरी जातो. पाच-सहा क्वेल ठेवले तर? ऑटोमॅटिक फीडर लावून. (दादर)

नको. पाण्याचं निपल तुंबलं तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी काय दिसेल ते तुम्हालाच रविवारी... नाही, पुढच्या शनिवारी कळेल. रोज बघणारं माणूस तिथे असेल तरच आणा. आणि कंटाळा आला म्हणून रानात सोडायचे तर अजिबात नाहीत, एक तर मांजर दोन दिवसांत संपवतं आणि वाचलेच तर थंडीत येणाऱ्या रानटी लाव्यांशी त्यांचा संकर होऊ शकतो.

प्रश्न : गोराईला आमच्या विहिरीवर वाकलेल्या शिंदीला सुगरणीची घरटी आहेत. दरवर्षी त्यातली बरीच अर्धवटच राहतात, कोणी त्रास देतं का त्यांना? (बोरिवली)

काका, त्रास कोणी देत नाही, नापास झालेली घरटी आहेत ती. याचा उलगडा आपल्याच किनाऱ्यावर झालाय. पक्षीतज्ज्ञ सालिम अली 1930 मध्ये नोकरी नसल्यामुळे अलिबागजवळ किहीमच्या घरी राहायला गेले आणि तिथे रोज सुगरणी बघत बसले. विणतो तो नर. अर्धं घरटं झालं, म्हणजे टोपीसारखा आकार आला आणि मधे दांडी आली की तो खाली लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येऊन आत बसून बघतात. एखादीला पसंत पडलं की नर खालची नळी विणून पूर्ण करतो, ती अंडी घालते, आणि हा पठ्ठ्या लगेच शेजारी दुसरं घरटं सुरू करतो, दुसरीसाठी! जी कोणालाच आवडली नाहीत ती तशीच लोंबत राहतात. जून ते सप्टेंबर खुर्ची टाकून बसा, दुर्बीण नसली तरी सगळं दिसतं. फक्त विणीच्या काळात शिंदीच्या झावळ्या छाटू नका.

प्रश्न : गेटवेहून मांडव्याच्या लाँचवर सीगलना गाठ्या टाकाव्यात का? मुलांना फार मजा येते. (गिरगाव)

नाही. तेल, मीठ, बेसन, यातलं काही त्यांचं अन्न नाही. तपकिरी डोक्याचे कुरव, म्हणजे हेच सीगल, लडाख-तिबेटकडच्या तलावांवर वाढून हिवाळ्यात आपल्याकडे येतात, मासे पकडता येतात त्यांना. मुलांच्या हातात गाठ्यांऐवजी मोबाइलचा कॅमेरा द्या.

प्रश्न : क्वेलच्या एका अंड्यात कोंबडीच्या पाच अंड्यांची ताकद असते, असा मेसेज फिरतोय. खरं का? (ठाणे)

वजनावर घ्या हो. क्वेलचं अंडं 10-12 ग्रॅम, कोंबडीचं पन्नासच्या वर, म्हणजे पाच क्वेलची अंडी मिळून कोंबडीचं एक होतं. मेसेजवाल्याने गणित उलटं केलंय. चव छान असते, तीन-चार मिनिटं उकडून मीठ-मिरपूड लावून खा, सोलायचा मात्र वैताग आहे.